लेव्ही पडली तर बस बंद : ओहायोतल्या आमच्या खेड्यातल्या शाळेचा कारभार

मिरजेचीसतार

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही ओहायोच्या वायव्य कोपऱ्यात राहतो. सपाट जमीन, मका आणि सोयाबीन, मध्ये एक धान्याचा एलिव्हेटर (म्हणजे धान्य साठवायचं उंच कोठार), दोन चर्च, एक डॉलर स्टोअर आणि शाळा. नवरा जवळच्या कारखान्यात आहे. मागच्या वर्षी आम्ही नागरिक झालो आणि यंदाच्या नोव्हेंबरात माझं पहिलं मतदान. मला वाटलं, मोठमोठ्या नावांची पत्रिका हातात येईल. आली ती शाळेच्या कराची. गावाने शाळेला जास्तीचा पैसा द्यायचा की नाही : 'फॉर' किंवा 'अगेन्स्ट'. याला इथे लेव्ही म्हणतात.

लहानपणीची माझी शाळा जिल्हा परिषदेची. शाळेला पैसे कुठून येतात हा प्रश्न तेव्हा आमच्या घरात कुणालाच पडला नव्हता. 'सरकार देतं' एवढं पुरायचं. इथे कॉफी प्यायला बसलेला प्रत्येक म्हातारा शाळेच्या बजेटवर बोलतो, आणि आकड्यांसकट. म्हणून गेले वर्षभर मी बोर्डाच्या मीटिंगांना जाऊन बसते. जे कळलं ते लिहिते.

आधी 'डिस्ट्रिक्ट' या शब्दाने फसू नका. आपला जिल्हा इथे काउंटी. स्कूल डिस्ट्रिक्ट ही सर्वस्वी वेगळी स्थानिक संस्था, जिचं एकच काम : शाळा चालवणं. ओहायोत अशा सहाशेच्या वर आहेत. आमच्याकडे एकाच आवारात बालवाडीपासून बारावीपर्यंत साडेपाचशेच्या आसपास मुलं, आणि तेवढ्यासाठी स्वतंत्र बोर्ड, स्वतंत्र कर, स्वतंत्र बसगाड्या. डिस्ट्रिक्टची हद्द गावाच्या हद्दीशी जुळत नाही, काउंटीच्या हद्दीशीही जुळेलच असं नाही. आमच्या रस्त्याच्या पलीकडचं घर दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये आहे. त्यांचा कर वेगळा, त्यांचं फुटबॉलही वेगळं, आणि शुक्रवारी रात्री तर ते शत्रूच.

बोर्डात पाच जण. चार वर्षांची मुदत, पण सगळे एकदम निवडून येत नाहीत : विषम वर्षी नोव्हेंबरात काही जागा, पुढच्या विषम वर्षी उरलेल्या. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. मानधन म्हणजे कायद्याने एका मीटिंगला फार तर १२५ डॉलर. आमच्या पाचात दोन शेतकरी, एक नर्स, एक विमा एजंट आणि एक निवृत्त बाई, ज्या याच शाळेत शिकवायच्या. मीटिंग महिन्यातून एकदा शाळेच्या लायब्ररीत. कुणीही जाऊन बसावं, आधी नाव दिलं तर तीन मिनिटं बोलावं. नोकरीत कुणाला घ्यायचं-काढायचं, वाटाघाटी, कोर्टकज्जे असले ठरावीक विषय निघाले की बोर्ड आतल्या खोलीत जातं आणि आम्ही बाहेर बिस्किटं खातो. निर्णयाचं मतदान मात्र बाहेर येऊन उघड्यावर.

बोर्ड स्वतः फक्त दोन माणसं निवडतं : सुपरिंटेंडंट आणि ट्रेझरर. मला यातलं सगळ्यात हुशारीचं वाटलं ते हे, की ट्रेझरर सुपरिंटेंडंटच्या हाताखाली नसतो. तो थेट बोर्डाला जबाबदार. शाळा चालवणारा एक, तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे. आमच्याकडे एका मीटिंगमध्ये सुपरिंटेंडंट नव्या मैदानाच्या दिव्यांबद्दल उत्साहाने सांगत होते आणि शेजारी बसलेल्या ट्रेझरर बाई मान खाली घालून कॅल्क्युलेटरवर बोटं चालवत होत्या. दिवे आले नाहीत.

पैशाचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, पोळ्या राहिल्यात.

तिरपागडा

पोळ्या करून या. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

कोरडवाहू

मस्त धागा, वाचनखूण साठवली. एक प्रश्न : शिक्षकांची बदली कोण करतं?

मिरजेचीसतार

@कोरडवाहू, बदली नाहीच! शिक्षक बोर्डाचा नोकर, डिस्ट्रिक्टमध्ये शाळाच एक, बदलून पाठवणार कुठे? पगार बोर्ड आणि शिक्षक संघटना यांच्या करारात ठरतो. सोडून मात्र जातात. तीस मैलांवरच्या मोठ्या गावात जास्त पगार मिळाला की गणिताचा मास्तर गेलाच म्हणून समजा.

आता पैसा. तीन नळ आहेत : गावाचा मालमत्ता कर, राज्याची मदत आणि केंद्राची थोडीशी. केंद्राचं पाणी देशभरात मोघम दहातला एक हिस्सा, आणि तेही ठरलेल्या कामांना : गरीब मुलांसाठी टायटल वन (१९६५ पासून), अपंग मुलांचं शिक्षण, दुपारचं जेवण. सहाशेहून कमी मुलांच्या खेड्यातल्या शाळांसाठी एक छोटं वेगळं अनुदान आहे, ते आम्हाला मिळतं. मीटिंगमध्ये त्याचा उल्लेख 'रीप' असा होतो. मी सहा महिने ते पिकाशी संबंधित समजत होते.

खरी गंमत मालमत्ता करात. दर 'मिल'मध्ये. करपात्र किमतीच्या दर हजार डॉलरला एक डॉलर म्हणजे एक मिल. करपात्र किंमत म्हणजे बाजारभावाच्या ३५ टक्के. माझं घर २ लाखांचं धरा, करपात्र ७० हजार, म्हणून एक मिल मला वर्षाला ७० डॉलरला पडतो. यंदा मागितलेत ४.९ मिल, पाच वर्षांसाठी. म्हणजे ३४३ डॉलर दरसाल. आता मतपत्रिकेवरच लिहितात, काउंटी ऑडिटरने ठरवलेल्या दर १ लाख किमतीमागे किती डॉलर ते. आमच्या पत्रिकेवर १७२ होतं.

राज्यघटनेप्रमाणे मतदान न घेता एका मालमत्तेवर सगळ्या स्थानिक संस्थांनी मिळून १० मिलपर्यंतच कर लावता येतो. त्यात काउंटी, टाउनशिप, शाळा सगळे वाटेकरी. त्याच्या वर एक मिलही हवा असेल तर लोकांपुढे पदर पसरायचा.

आणि एकदा मिळाला की सुटलं, असंही नाही. १९७६ चा एक कायदा आहे, त्याला सगळे 'हाउस बिल नाइन ट्वेंटी' म्हणतात, आजीबाईसुद्धा. फेरमूल्यांकनात घरांच्या किमती वाढल्या तर मंजूर झालेल्या लेव्हीचा दर त्या प्रमाणात आपोआप खाली येतो. म्हणजे १९९५ साली मंजूर झालेल्या लेव्हीने त्या वर्षी जेवढे डॉलर आणले, जवळजवळ तेवढेच आजही येतात. डिझेल, विमा, पगार मात्र १९९५ च्या भावात मिळत नाहीत. म्हणून बोर्ड दर चार-पाच वर्षांनी परत दारात उभं. लोक म्हणतात, 'परवाच तर दिले होते!' आणि दोघांचंही खरं असतं.

तिरपागडा

मिल म्हटलं की आमच्यापुढे गिरणगावच येतं. तिथेही मालमत्तेच्या किमती वाढल्या आणि कामगाराला तेवढेच पैसे मिळाले, तेव्हा कायदा तुमच्या आधी आमच्याकडे लागू होता म्हणायचं.

कोलंबसचाकाका

ताई, छान लिहिताय. मी कर सल्लागार आहे, वीस वर्षं ओहायोत. एक दुरुस्ती. नाइन ट्वेंटीचा दर खाली येतो पण २० मिलच्या खाली येत नाही. त्याला 'फ्लोअर' म्हणतात. डिस्ट्रिक्टचा चालू खर्चाचा दर एकदा २० वर टेकला की मग २०२५ च्या कायद्यापर्यंत किमती वाढतील तसा करही वाढायचा, मतदान न होता. खेड्यातल्या बऱ्याच शाळा या फ्लोअरवर आहेत. त्यामुळे मागच्या काही वर्षांत घरांच्या किमती भडकल्या तेव्हा तिथल्या लोकांची बिलं फुगली आणि 'आम्हाला विचारलं कुणी?' असा ओरडा झाला. तुमच्या काउंटी ऑडिटरच्या साइटवर पाहा, तुमचा 'इफेक्टिव्ह' (घसरून उरलेला, प्रत्यक्ष लागणारा) दर दिलेला असतो.

दुसरं, तुमच्या भागात शाळेचा आयकरही असेल. ओहायोत डिस्ट्रिक्टला मतदानाने स्वतःचा आयकर लावता येतो. दोनशेहून जास्त डिस्ट्रिक्टांत आहे, बहुतेक शेतीभागातच. त्यात दोन जाती. एकात पेन्शनवरही कर, दुसऱ्यात फक्त कमाईवर. ही दुसरी जात म्हाताऱ्यांना पटते, कारण त्यांना भरावी लागत नाही. तरण्यांना कळेपर्यंत मतदान झालेलं असतं.

मिरजेचीसतार

काका, धन्यवाद. पाहिलं. आम्ही फ्लोअरच्या थोडे वर आहोत, म्हणजे अजून घसरगुंडीवरच. आणि हो, आयकर एक टक्का आहे! नवऱ्याच्या पगारातून इतकी वर्षं कापला जातोय, मी तो गावाचा समजत होते.

स्वाती_नक्षत्र

शेतकऱ्यांचं काय? शेकडो एकर असतील तर एका मिललाच दिवाळं.

मिरजेचीसतार

@स्वाती_नक्षत्र, शेतजमिनीला सवलत आहे. १९७३ च्या घटनादुरुस्तीपासून शेतीची किंमत बाजारभावाने न धरता पिकातून काय निघेल त्यावर धरतात : मातीचा प्रकार, उतारा, धान्याचा भाव, व्याजदर अशा हिशोबाने. तरी धान्याचे भाव चढले तेव्हा तीही किंमत चढली, २०१७ मध्ये सूत्र बदलावं लागलं.

आमचे शेजारी सत्तरीचे आहेत, त्यांना आपण आबा म्हणू. शाळेच्या मैदानाचं गवत फुकट कापतात. फुटबॉलच्या पोरांसाठी मासे तळून विकायचा कार्यक्रम असतो, त्यात स्वतः कढईपाशी उभे राहतात, वर शंभराची नोट टाकतात. नातवंडं याच शाळेत. आणि लेव्हीला दरवेळी विरोधात मत. मी विचारलं, आबा, असं का? म्हणाले, देणगी मी हातात पैसे असतात तेव्हा देतो. कराचं बिल पीक बुडालं तरी येतं, फेब्रुवारीत एकदा आणि उन्हाळ्यात एकदा.

मला उत्तर सुचलं नाही. माझे आजोबा सोसायटीच्या हप्त्याबद्दल हेच बोलायचे.

जिपचेगुरुजी

ताई, वाचून गंमत वाटली आणि थोडा हेवाही. मी मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. द्विशिक्षकी शाळा, पट २६.

आमचा पगार राज्य सरकारचा, शालार्थ या सरकारी पगार-प्रणालीतून. गावाने एक रुपया दिला नाही तरी पगार होतो, गावाने लाख दिले तरी तेवढाच होतो. शिक्षक किती, ते संचमान्यतेत (सरकारी पदमंजुरीत) ठरतं, पटावर. गावाच्या हातात काय? शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षणहक्क कायद्याने पाऊण सदस्य पालक, निम्म्या महिला, अध्यक्ष पालक, सचिव मुख्याध्यापक. कागदावर विकास आराखडा समितीने करायचा. तिच्या हाती पैसा म्हणजे समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान : ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार. त्यात खडू, झाडू, रंग, दुरुस्ती, वीजबिल. मागे एकदा ते खात्यावर आलं मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, खर्च करायचं ३१ च्या आत. आम्ही दोघांनी खिशातून आधीच भरलेलं होतं.

बाकी सगळं लोकवर्गणीवर. १५ ऑगस्ट, २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर पोरांची भाषणं झाली की गावकरी माईकवर नावं सांगतात : अमुक यांच्याकडून पाचशे एक, तमुक यांच्याकडून पाण्याची टाकी. तुमचे मासे तळणारे आबा आमच्याकडेही आहेत.

आणि मतदानाचं म्हणाल, तर गावाला शाळेवर मत द्यायचा एकच मार्ग : कुलूप. शिक्षक मिळत नसला की पालक शाळेला टाळं ठोकतात, किंवा पोरं घेऊन पंचायत समितीच्या आवारात शाळा भरवतात. मग दोन दिवसांत शिक्षक येतो. निवडून दिलेल्या माणसाला विचारावं तर २०२२ मध्ये मुदत संपल्यावर बऱ्याच जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासकच होते. आमच्या शिक्षण समितीचा सभापती कोण, हा प्रश्न सामान्यज्ञानातून काढून टाकला होता आम्ही.

कोरडवाहू

गुरुजी __/\__

जुनाबाड

चर्चेत इतिहासाची भर. ओहायोत शाळा आणि जमीन यांची गाठ राज्य जन्मायच्या आधीची. १७८५ च्या अध्यादेशाने तिकडच्या जमिनीची मोजणी करून सहा मैल बाय सहा मैलांच्या चौकोनी टाउनशिप पाडल्या, प्रत्येकीत ३६ तुकडे, आणि त्यातला १६ वा तुकडा, ६४० एकर, शाळेसाठी राखून ठेवला. देवळाला इनाम द्यावं तशी शाळेला जमीन. पुढे त्यातली बरीच विकली गेली, इनामांचं होतं तेच झालं.

आपल्याकडेही स्थानिक कर होता हे विसरायला नको. मुंबई इलाख्यात जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेत, त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला. म्हणजे कुणब्याच्या पट्टीतून शाळा. पण पैसा जायचा कुठे? १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं त्यात नेमकं हेच दुखणं मांडलं : महसूल कष्टकऱ्यांचा आणि खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. कर भरणाऱ्याच्या हाती मतपत्रिका नव्हती. ताईंच्या आबांकडे ती आहे, म्हणून ते निवेदन लिहीत नाहीत, 'अगेन्स्ट' करतात.

ग्रीनमाउंटन

मी व्हरमाँट राज्यात असते. आमच्याकडे लेव्ही नाही, शाळेचं पूर्ण बजेटच लोकांपुढे ठेवतात. मार्चच्या पहिल्या मंगळवारी टाउन मीटिंग डे. १९९७ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की श्रीमंत गावातल्या आणि गरीब गावातल्या मुलांना सारखी संधी हवी, मग त्याच वर्षी कायदा करून मालमत्ता कर राज्याच्या एका पिंपात ओतायला लागले. स्कीच्या श्रीमंत गावांनी खूप आकांडतांडव केलं. पण खर्च गाव ठरवणार आणि पिंप सगळ्यांचं, हे गणित अवघड. २०२४ च्या मार्चमध्ये जवळपास एक तृतीयांश बजेटं लोकांनी पाडली. परत मतदान, परत मतदान. आमच्या शाळेचं तिसऱ्या खेपेला झालं, तोवर संगीताची शिक्षिका दुसरीकडे रुजू झालेली.

मिरजेचीसतार

@ग्रीनमाउंटन, १९९७ मध्येच आमच्याकडेही! डेरॉल्फ खटला. पेरी काउंटी, ओहायोच्या आग्नेयेचा कोळशाचा गरीब मुलूख. तिथल्या नेथन डेरॉल्फ या विद्यार्थ्याच्या नावाने १९९१ मध्ये दावा लागला. निकालपत्रात शाळांची अवस्था वाचवत नाही. कोळशाच्या भट्टीची धूळ रात्रभर बसून सकाळी मुलांच्या बाकांवर थर. मार्च १९९७ मध्ये ४ विरुद्ध ३ असा निकाल लागला : मालमत्ता करावर इतकं विसंबणं घटनाबाह्य. नंतर २००० आणि २००२ मध्येही कोर्टाने तेच म्हटलं, आणि मग खटल्यावरची देखरेख सोडून दिली. विधिमंडळाने पद्धत मुळापासून बदलली नाही ती नाहीच.

एक फायदा झाला. त्या काळापासून राज्याने शाळांच्या इमारतींना भरपूर पैसा दिला, गरीब डिस्ट्रिक्टला जास्त वाटा. आमची इमारत त्यातलीच. अट अशी, की गावाने आपला हिस्सा कर्जरोख्यांनी उभारायचा आणि वर देखभालीसाठी अर्धा मिल २३ वर्षं द्यायचा. म्हणून बाहेरून आलेला माणूस म्हणतो, 'एवढी झकास इमारत आणि पैसे नाहीत म्हणता?' इमारतीचा पैसा पगाराला वापरता येत नाही हे त्याला कोण सांगणार. मी सांगते हल्ली. लोक रस्ता बदलतात.

चालू खर्चासाठी २०२१ पासून नवं सूत्र आहे. एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट आमदार, कप आणि पॅटरसन, यांनी मिळून केलं. मूल शिकवायला खरा खर्च किती ते आधी मोजायचं, मग गावाची ऐपत काढायची : ६० टक्के मालमत्तेवरून, ४० टक्के लोकांच्या उत्पन्नावरून. उरलेलं राज्याने घालायचं. कल्पना चांगली. पण खर्चाच्या बाजूला जुन्या वर्षाचे भाव आणि ऐपतीच्या बाजूला घरांच्या नव्या किमती धरल्या की राज्याचा वाटा आपोआप आकसतो.

स्वाती_नक्षत्र

आणि लॉटरी? तिकिटांवर 'शिक्षणासाठी' लिहिलेलं असतं ना?

कोलंबसचाकाका

प्रत्येक लेव्हीच्या सभेत हा प्रश्न येतोच! १९८७ च्या घटनादुरुस्तीने लॉटरीचा नफा शिक्षणालाच जातो, खरं आहे. पण तो राज्याच्या शिक्षणाच्या मोठ्या खर्चातला छोटा भाग, आणि सूत्राने जे मिळायचं त्यातच धरलेला. वरून जास्तीचं काही येत नाही.

तिरपागडा

जास्तीचं काही न येणं हीच लॉटरीची व्याख्या.

कोरडवाहू

एवढ्या छोट्या शाळा स्वतंत्र ठेवायच्याच कशाला? शेजारच्या डिस्ट्रिक्टशी जोडून टाका, एक सुपरिंटेंडंट कमी.

जिपचेगुरुजी

@कोरडवाहू, हेच वाक्य आमच्याकडे 'समूह शाळा' या नावाने आलंय. पानशेत आणि तोरणमाळच्या अशा जोडलेल्या शाळांचा दाखला देतात. वस्तीवरची मुलगी पाच किलोमीटर जाईल का, हे पानशेतवरून ठरत नाही. ओढा आहे मध्ये.

मिरजेचीसतार

गुरुजींशी सहमत. इथेही जोडाजोड खूप झालीय. १९४० च्या सुमारास देशात १ लाख १७ हजार डिस्ट्रिक्ट होते, आता साधारण १३ हजार. आमचाच डिस्ट्रिक्ट तीन गावांच्या शाळा जोडून झालाय. नावात तिन्ही गावं नाहीत यावरून साठ वर्षांनंतरही दोन घरांत बोलणं नाही. आता आणखी जोडलं तर शाळेच्या बसमध्ये तास-तास. शिवाय शाळा गेली की गावात उरतो एलिव्हेटर.

मिरजेचीसतार

निकाल कळवते. लेव्ही पडली. ३८ मतांनी.

गुरुवारी बोर्डाची खास मीटिंग झाली. लायब्ररी पुरली नाही, जेवणघरात घ्यावी लागली. काय कापणार त्याची यादी ट्रेझरर बाईंनी वाचली. पुढच्या वर्षापासून कायद्याला लागते तेवढीच बस. ओहायोत आठवीपर्यंतच्या आणि शाळेपासून दोन मैलांपलीकडे राहणाऱ्या मुलांना न्यावंच लागतं. म्हणजे हायस्कूलच्या मुलांची बस बंद. खेळाला प्रत्येक मुलामागे फी. कला शिक्षक अर्धवेळ. रिकामी होणारी एक जागा भरायची नाही.

मी नाव दिलं होतं. तीन मिनिटांत काय बोलले ते मलाच आठवत नाही, उच्चार घसरले एवढं आठवतं. माझ्यानंतर आबा उठले. मला वाटलं आता बोलणार. त्यांनी फक्त विचारलं, हायस्कूलची बस बंद झाली तर तिचा ड्रायव्हर किती तासांवर येईल. तो ड्रायव्हर त्यांचा पुतण्या आहे.

बोर्डाने ५-० ने ठरवलं की मे महिन्यात परत मागायचं. त्यासाठी आधी ऑडिटरकडून किती मिलला किती डॉलर याचा दाखला, मग दुसरा ठराव, आणि मतदानाच्या ९० दिवस आधी निवडणूक कार्यालयात कागद. म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या आत. रक्कम कमी करायची का यावर मात्र तासभर वाद. शेवटी ३.९ वर आले.

लेव्हीचा प्रचार शाळेच्या पैशाने करता येत नाही, त्यासाठी गावकऱ्यांची वेगळी समिती असते. माझं नाव त्यात घातलंय. शनिवारी घरोघरी जायचंय आणि मला दिलेल्या यादीत पहिलं घर आबांचं आहे.

जिपचेगुरुजी

ताई, जाताना मुलांना घेऊन जा. आम्ही पट वाढवायला वस्तीवर जातो तेव्हा तसंच करतो. आणि चहा दिला तर नाही म्हणू नका.